वरच्या भाडेकरूची वाटी

भिंतीला चार भोकं पाडायची, बस. काम म्हणाल तर एवढंच होतं. चष्मेवाल्यानं घरात तसं जाहीरही केलं होतं, "चहा झाला की सुरू करतो, आंघोळीच्या आधी आटपतं." आता ती आंघोळ त्याला बाहेरच्या खोलीत, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि शेजाऱ्यांच्या देखत घडली, ही गोष्ट वेगळी. पण आपण सुरुवातीपासून जाऊ.

चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या दुकानात कामाला असणारा. मालक नव्हे. मालक गल्ल्यावर बसतो, हा गिऱ्हाइकाच्या नाकावर काम करतो. कुठल्या तोंडाला कुठली फ्रेम, हे त्याला माणूस दारातून आत येता येताच कळतं. रुंद जबड्याच्या माणसाला गोल काच दिलेली दिसली की याच्या पोटात दुखतं, मग तो माणूस रस्त्यावरचा का असेना. असा माणूस मालिका बघायला बसला की काय होणार? गोष्ट राहते बाजूला. "त्या डॉक्टरच्या कामाला हा नट कुणी घेतला, याचे कान बघा, हे काय डॉक्टरचे कान आहेत?" बायको म्हणायची, "अहो, रोगी मेला तिकडे, आणि तुम्ही कान बघताय."

फक्त एका मालिकेत त्यानं कधी खोट काढली नाही. तिचं नाव 'सरकून बसा'. दोन खोल्यांचं घर, त्यात मावणार नाहीत इतकी माणसं, सगळी एकमेकांवर वैतागलेली. आणि भांडण अगदी रंगात आलं की दारात वरचा भाडेकरू उभा. हातात रिकामी वाटी. "थोडी साखर मिळेल का?" सगळे गप्प. मग त्या घरातली आजी म्हणायची, "साखर आहे, जागा नाही. सरकून बसा रे सगळे." की भाग संपला. वर्षानुवर्षं हेच. भाडेकरूला त्या मालिकेत नावसुद्धा नव्हतं. 'वरचा' म्हणायचे.

चष्मेवाल्याच्या घरात ही मालिका नुसती बघत नसत, तिच्यातली कामं वाटून घेतलेली होती. वाटप आईनं केलं होतं. रेडिओवर खेकसणारे आजोबा म्हणजे अण्णा, चष्मेवाल्याचे वडील. किल्ल्या सांभाळणारी मोठी सून म्हणजे चष्मेवाल्याची बायको. तिरकं बोलणारी नात म्हणजे त्याची मुलगी, आणि तिला त्यासाठी काही वेगळं करावं लागत नव्हतं. आजी आईनं स्वतःकडे ठेवली. आणि चष्मेवाला? वरचा भाडेकरू. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईकडून, भाडेकरू. दुकानातून थकून आला की आई आतून म्हणायची, "आला का वरचा? साखर आहे, जागा नाही." सगळे हसायचे. हाही हसायचा. पण आत कुठंतरी खुपायचं. अहो, निदान धाकटा मुलगा तरी करायचा. धाकटा मुलगा कुणालाच दिलेला नव्हता, मोकळा पडला होता.

मग आई गेली. त्याच सुमारास मालिकाही संपली. अण्णांनी दोन्हीचा राग टीव्हीवर काढला. एके दिवशी ताट उचललं आणि आतल्या खोलीत पलंगावर जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे त्याची पद्धतच पडली. बाहेर हे तिघं, आत ते एकटे, भिंतीकडे तोंड करून. बोलणं तुटलं नव्हतं, भांडणही नव्हतं. पण आतून ताटावर चमचा वाजायचा ना, तो आवाज चष्मेवाल्याला घास गिळू द्यायचा नाही. बाकी कुणाच्या लक्षात येत नव्हतं म्हणा, किंवा येत असेल आणि बोलत नसतील.

अशात एक दिवस मुलगी फोन नाचवत आली. "बाबा, तुमच्यावर मालिका येतीये."

"माझ्यावर?"

"'वरचा भाडेकरू'. तो त्या घरातून निघून स्वतःच्या घरात राहायला जातो. नट तोच. बाकी माणसं सगळी नवी. दर रविवारी रात्री साडेआठला. या रविवारी पहिला भाग."

चष्मेवाल्याची छाती जरा पुढे आली. खोटं कशाला बोला. इतकी वर्षं वाटी धरून उभा राहिलेला माणूस नायक झाला म्हटल्यावर कुणाचीही येईल. तो तसाच आत गेला. "अण्णा, रविवारी बाहेर बसायचं हं. वरच्याची मालिका आहे."

"त्या उपऱ्याचं काय बघायचं," अण्णा म्हणाले. "घरातलं एक माणूस नाही त्यात."

"एक भाग बघा. नाही आवडला तर उठा."

"बाहेरच्या खुर्चीत माझी पाठ धरते. इथं पलंगावरून दिसला असता तर बघितला असता."

आता कुणीही शहाणा माणूस समजला असता की हे दार लावून घेणं आहे. पण चष्मेवाल्याला ते दार उघडल्यासारखं वाटलं. पलंगावरून दिसला तर बघतील! मग दिसेल असं करू. पलंगावर पडलं की उघड्या दारातून बाहेरच्या खोलीच्या भिंतीचा एक तुकडा दिसतो. टीव्ही तिथं टांगायचा. चार भोकं.

जागा नक्की कुठली, याचा अंदाज दुसऱ्या कुणी बोटानं घेतला असता. चष्मेवाल्यानं दुकानातून डोळे तपासायचा तक्ता आणला. वरती मोठं अक्षर, खाली मुंगीएवढी. तो भिंतीला लावला आणि ओरडला, "अण्णा, खालून दुसरी ओळ वाचा."

"मला चष्मा आहे."

"चष्म्यासाठी नाही हो. वाचा."

"दिसत नाही."

तक्ता थोडा डावीकडे. "आता?" "धूसर." अजून डावीकडे. "आता?" "अक्षर आहे का माशी आहे ते कळत नाही." असं करत करत तक्ता डावीकडे सरकत मोरीच्या भिंतीला जाऊन टेकला, तेव्हा कुठं अण्णा म्हणाले, "हां, इथं ठीक आहे." त्यांना वाटलं, तिथं कोण मूर्ख टीव्ही लावणार. चष्मेवाल्यानं पेन्सिलीनं चार फुल्या मारल्या.

आता परवानगी. इमारतीत खिळा ठोकायचा तर सेक्रेटरीला अर्ज लागतो. अर्जाला खालच्या, वरच्या आणि बाजूच्या बिऱ्हाडाची सही लागते. वर गच्ची आहे. सेक्रेटरी म्हणाले, "वर कुणी राहत नसल्याचं लिहून द्या." चष्मेवाल्यानं तेही लिहून दिलं. बाजूचे म्हणजे समोरचे काका, त्यांनी सही केली आणि ती करताना आत शिरून भिंतही तपासली. काकांचा जन्म टपाल खात्यात शिक्के मारण्यात गेला, त्यामुळे ठोकण्यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले. डॉक्टरनं छाती बघावी तसं. "एकजीव आहे. बिनधास्त मार."

राहिल्या खालच्या बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. याच्या बायकोची एक ओली चादर दोरीवरून सुटून बाईंच्या फुलझाडांवर पडली, तेव्हापासून जिन्यात नुसती मान हलायची, तीही निम्मी. बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"किती वेळ आवाज होईल?"

"अर्धा तास."

"तसं लिहा. आणि मला त्रास होणार नाही असंही लिहा."

दोन्ही लिहिलं. माणूस किती सहज खोटं लिहून देतो, आणि तेही प्रामाणिकपणे.

रविवार उजाडला. टीव्ही जुन्या टेबलावरून काढून भिंतीच्या पायाशी ठेवला, टांगायला सोपा पडावा म्हणून. ड्रिल समोरच्या काकांचं. पहिलं भोक झकास झालं. दुसरंही झालं. काकांनी आपलं कौतुक आपणच केलं. तिसऱ्या फुलीवर ड्रिल जरा आत गेलं, भिंतीनं एक उचकी दिली, आणि पाणी आलं. आलं म्हणजे थेट चष्मेवाल्याच्या तोंडावर. मोरीच्या भिंतीतून दुसरं काय येणार?

त्यानं ड्रिल टाकलं आणि भोकात अंगठा घातला. पाणी थांबलं. म्हणजे निम्मं थांबलं, निम्मं अंगठ्याच्या कडेनं पंख्यासारखं उडायला लागलं.

"मुख्य कॉक बंद करा कुणीतरी," तो ओरडला.

मुख्य कॉक तळमजल्याच्या खोलीत. खोलीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे. आणि सेक्रेटरी दाढी करायला गेलेले, किल्ली खिशात घेऊन. मुलगी धावली. सलूनमध्ये अर्ध्या तोंडाला फेस लावून बसलेले सेक्रेटरी तिला म्हणाले, "अर्जात पाण्याचा उल्लेख नव्हता."

इकडे चष्मेवाला भिंतीला चिकटून उभा. बातमी जिन्यानं पसरली. माणसं दारात जमली. कुणी म्हणालं साबण लाव, कुणी म्हणालं मेणबत्ती वितळव, एकानं तर खिशातून पेनाचं टोपण काढून दिलं. तेही बसेना. समोरचे काका भिंतीला परत कान लावून म्हणाले, "हं, इथं नळ आहे." बायको बादली सरकवत होती. "अहो, अंगठा तरी बदला, निळा पडलाय." नाकावर बोट ठेवून लोकांना दृष्टी देणारा माणूस, आज नाकावरून पाणी ओघळतंय आणि पुसायला हात रिकामा नाही. अशा वेळी माणसानं चेहरा कसा ठेवायचा? त्यानं आपण मुद्दामच असे उभे आहोत असा ठेवला.

आणि पलंगावरून अण्णा हे सगळं बघत होते. उशीला टेकून, आरामात. "डाव्या बाजूनं पाणी येतंय," ते म्हणाले. "आणि टीव्ही उचला कुणीतरी, भिजतोय."

खरंच भिजत होता. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. उचलला तेव्हा त्याच्या पोटातून खळखळ आवाज आला.

मग नळवाला आला. त्यानं भोक बघितलं, मान हलवली आणि ते एवढं मोठं केलं की मांजर जाईल. नळ जोडला आणि म्हणाला, "ओल सुकेपर्यंत बुजवू नका." टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं दुकान रविवारी बंद. समोरच्या काकांनी दिलदारपणे आमंत्रण दिलं, "आमच्याकडे या की बघायला. फक्त साडेआठला आमच्या बातम्या असतात."

ओल्या सोफ्याच्या कोरड्या कोपऱ्यावर चष्मेवाला बसून होता, तेवढ्यात दारात खालच्या बाई. नुसतं म्हणाल्या, "खाली या. बघा."

हा पोछा आणि बादली घेऊन गेला. गुन्हेगार जातो तसा, दोन पावलं मागून. बाईंच्या बाहेरच्या खोलीत छतावर हा मोठा ओला डाग, आणि त्यातून थेंब पडतोय. खाली पातेली मांडलेली. फर्निचर कडेला. टीव्ही मात्र सगळ्यांत आधी उचलून सुरक्षित कोपऱ्यात ठेवलेला, वर टॉवेल, टॉवेलवर छत्री.

"मी लिहून दिलं होतं खरं," चष्मेवाला म्हणाला, "पण..."

"ते राहू द्या. हे थेंब साडेआठच्या आत थांबतील का, ते सांगा."

"नळवाला म्हणाला हळूहळू थांबतील. साडेआठला काही आहे का?"

"काम आहे."

चष्मेवाल्यानं छत्रीकडे बघितलं. मग बाईंकडे. "वरचा भाडेकरू?"

"मी मालिका बघत नाही," बाई म्हणाल्या. मग छत्री नीट करत म्हणाल्या, "त्याच्या आईचं काम कुणाला दिलंय, तेवढंच बघायचं होतं. जुन्या मालिकेत तो एकदाच म्हणाला होता, आईनं पाठवलंय म्हणून. तेव्हापासून मला प्रश्न आहे, कशी असेल ती." पोछा मारता मारता याचा हात थांबला. हा प्रश्न त्यालाही होता. बाईंनी त्याच्या ओल्या सदऱ्याकडे बघितलं. "तुमचा टीव्ही?"

"गेला."

"मग या सगळे. खुर्च्या तुमच्या आणा, माझ्या भिजल्यात."

आठ वाजता चष्मेवाला अण्णांसमोर उभा राहिला. "अण्णा, खाली जायचंय. बाईंनी बोलावलंय."

"मी लोकांच्या दारात टीव्ही बघायला जात नाही."

"पाठीला उशी नेऊ."

"पाठीचं नाही ते."

"मग कशाचं आहे?"

अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चष्मेवाल्याला एकदम फार दमल्यासारखं झालं. अंगठा ठणकत होता. सगळा खटाटोप कशासाठी होता, ते म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसलेला बघितला आणि त्यानं गिळलं. ताट झाकून ठेवलं, दिवा राहू दिला. बायको हळूच म्हणाली, "चला. आज नाही तर नाही." तिघं आपापली खुर्ची उचलून जिना उतरले.

मालिका सुरू झाली. आता सांगायचं तर, काय माणसं निवडली होती! भाडेकरूची आई पहिल्यांदा पडद्यावर आली, एक अक्षर बोलली नाही, दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीनं लावल्या आणि शेवटी मुलाची चप्पल पायानं आत ढकलली. बाई म्हणाल्या, "हीच." चष्मेवाला म्हणाला, "हनुवटी बघा, मायलेकांची एक हनुवटी आहे. शोधून आणलीये." नव्या घराचा मालक म्हणून एक किडकिडीत नट, बोलताना सारखा स्वतःच्याच भिंतींना हात लावणारा. मुलगी म्हणाली, "हे समोरचे काका आहेत." बायको हसताना खुर्चीवरून घसरली. गंमत अशी केली होती, की आता वाटी घेऊन शेजारी भाडेकरूच्या दारात येत होते, आणि त्याला द्यायचं कसं तेच माहीत नव्हतं. जन्मभर मागितलेलं. एकाला त्यानं साखरेचा अख्खा डबाच देऊन टाकला आणि मग डब्याच्या जागेकडे बघत बसला. त्या नटानं त्यात काय केलं म्हणाल तर काहीच नाही. नुसता बघत बसला. बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि वर छताकडे बघितलं, जणू थेंबच पडला डोळ्यात.

चष्मेवाला हसत होता, पण निम्मा. त्याचा एक कान वरती होता. वर एक चमचा वाजत असेल ताटावर.

तेवढ्यात घंटा वाजली. मालिकेत भाडेकरू उठला नाही. परत वाजली. बाई म्हणाल्या, "ही माझी आहे."

चष्मेवाल्यानंच दार उघडलं.

अण्णा उभे होते. सदरा इस्त्रीचा, केस विंचरलेले. एक हात जिन्याच्या कठड्यावर, श्वास लागलेला. दुसऱ्या हातात रिकामी वाटी. मुलाकडे त्यांनी बघितलंच नाही. त्याच्या खांद्यावरून आत बघत, आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागत असल्यासारखा कडक आवाज काढून म्हणाले,

"थोडी साखर मिळेल का?"

मुलीनं तोंडावर हात ठेवला. आता याला उत्तर कोण देणार? ते काम आईचं, आणि आई नव्हती. आणि मागून, अगदी शाळेच्या व्हरांड्यात ऐकू जाईल अशा आवाजात, खालच्या बाई म्हणाल्या,

"साखर आहे, जागा नाही. सरकून बसा रे सगळे."

अण्णांनी चपला दारात काढल्या. मग आत आले. तिघं सरकले, खुर्च्या करकरल्या. अण्णांनी बसायच्या आधी वाटी कुठं ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि छतातून थेंब पडत होता तिथलं भरलेलं पातेलं पायानं सरकवून तिथं ठेवली. टप्प आवाज झाला.

"हा मालक बरा घेतलाय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "समोरच्यासारखा आहे."

भाग संपला. नावं सरकायला लागली, मुंगीएवढ्या अक्षरात. बाई चष्मा शोधायला लागल्या. "त्या आईचं काम करणारीचं नाव काय आलं?" अण्णांनी खोलीच्या या टोकाला बसून पटकन वाचून दाखवलं. वर तिच्याखालची चार नावंही वाचली.

चष्मेवाला हळूच वळला. "अण्णा. तुम्हाला इथून हे दिसतं?"

"मला सगळं दिसतं."

"मग तक्ता? खालून दुसरी ओळ?"

"दिसतंय म्हणालो असतो तर तू तिथल्या तिथं भोकं पाडून मोकळा झाला असतास."

बायको हसू दाबत खुर्च्या उचलायला लागली.

वर जाताना मधल्या वळणावर अण्णा दम खायला थांबले. बायको आणि मुलगी पुढे गेल्या. चष्मेवाला उशी घेऊन उभा होता.

"तुझ्या आईनं ते वाटीचं काम आधी मला दिलं होतं," अण्णा म्हणाले.

"वरच्याचं?"

"हो. मी नाही म्हणालो. दारात वाटी घेऊन उभं राहायचं, मला नाही जमत ते. मग म्हणाली, पोराला देते. त्याला मागायची लाज नाही वाटत, तो कुणाहीपुढे उभा राहील." दोन पायऱ्या चढले, परत थांबले. "खरंच अवघड आहे रे. मी दारात तीनदा मागे वळलो आज."

चष्मेवाल्याला हे कौतुक आहे की काय, ते धड कळलं नाही. पण त्यानं ते ठेवून घेतलं. आईनं माणूस निवडताना चेहरा बघितला असेल, एवढं त्याला त्याच्या धंद्यावरून पटलं.

"उद्या सकाळीच टीव्हीवाल्याकडे जातो," तो म्हणाला. "आठवड्याच्या आत नीट करून आणतो. आणि ओल सुकली की टांगतो, पलंगावरून दिसेल असा."

अण्णांनी कठडा धरला आणि शेवटची पायरी चढले.

"कसली घाई आहे," ते म्हणाले. "आणि वाटी खालीच राहिलीये. आणायला जाऊ नकोस. मी जातो रविवारी."